दहापैकी सात

बाथरूममधून मुलगी ओरडली तेव्हा मी आरशासमोर उभी राहून केसांत पिना खोचत होते, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की शेवट जरा लांबला. सुरुवात झकास होती. आधी एक आखूड, दाबून धरलेलं कण्हणं, मग श्वास, मग चढत गेलेली किंकाळी आणि तिच्या मागोमाग दोन हुंदके. पण दुसरा हुंदका हवा त्यापेक्षा चांगला पाऊण सेकंद रेंगाळला. दातांत पिन धरूनच मी म्हणाले, “सात! दहापैकी सात. शेपूट कमी कर.” आत नळ सुरू झाला. मी पिन खोचली, पर्स उचलली, दारातून “शाळेची वेळ झालीय हं बाई, नाटक पुरे” असं ओरडून सांगितलं आणि निघाले. जिना उतरताना मी चक्क हसत होते.

मी पोटासाठी रडते. परक्या भाषांतल्या मालिका आपल्या भाषेत आणतात, त्यांतल्या नायिकांना आवाज लागतो, तो गेली अठरा वर्षं माझा असतो. माझा चेहरा कुणाला ठाऊक नाही, पण माझं रडणं घरोघरी पोचलेलं आहे. आमच्या दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणतात. वेळ वाचावा म्हणून त्यांनी रडण्यांना नंबर देऊन टाकलेत. एक नंबर म्हणजे नवऱ्याने संशय घेतल्यावरचं, नुसत्या नाकातून. दोन नंबर सासूने पाणउतारा केल्यावरचं, त्यात शब्द मधेच तुटायला हवेत. तीन नंबर शरीराच्या दुखण्याचं. बाळंतपण, विषप्रयोग, जिन्यावरून पडणं, सगळं त्यात येतं. तीन नंबर सगळ्यांत अवघड, कारण मास्तर काचेपलीकडून बजावत असतात, “ताई, दुखू द्या, भरपूर दुखू द्या, पण आवाजाचं तोंड वाकडं नको. बघणाऱ्याला तिची दया आली पाहिजे, किळस नको.” तोंड वाकडं न होऊ देता किंचाळणं ही माझी आयुष्यभराची कमाई. ती आणि माझा अर्धा श्वास. तेरा वर्षांपूर्वी, सातवा महिना चालू असताना, मला एका दमात वाक्य पेलेना, म्हणून मी प्रत्येक वाक्याआधी चोरून अर्धा श्वास घ्यायला लागले. मला वाटलं मास्तर हाकलून देतील. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “हे ठेवा! बोलायच्या आधी परवानगी मागितल्यासारखं वाटतंय. फार गोड.” तेव्हापासून माझ्या सगळ्या नायिका परवानगी मागून बोलतात. अगदी आग लागली असली तरी आधी अर्धा श्वास, मग “आग”.

पोटात होती ती ही मुलगी. सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून ती स्टुडिओतच वाढली म्हणा ना. ध्वनिमुद्रकाच्या पायाशी बसून चित्रं रंगवायची आणि काचेतून माझं रडणं बघायची. चार वर्षांची असताना तिला नंबर पाठ होते. जेवायला नको असलं की दोन नंबर, दात घासायचा कंटाळा आला की एक नंबर, आणि शाळेला बुट्टी मारायची असली की पोट धरून तीन नंबर. काय हुबेहूब काढायची! मी आणि तिचे बाबा पोट धरधरून हसायचो. मग मी गुण द्यायला लागले. नऊच्या खाली मिळाले तर मुकाट्याने शाळेत, नऊ मिळाले तर सुट्टी. आमच्या घरातला हा लाडका खेळ. पाहुण्यांसमोरसुद्धा व्हायचा. अलीकडे ती मोठी झाल्यापासून बंद पडला होता, म्हणून तर सकाळी मला बरं वाटलं. मला वाटलं, चला, अजून आपली लेक आपलीच आहे.

बसमध्ये बसले आणि ते बरं वाटणं टिकेना. काय खुपतंय ते कळत नव्हतं. पुढच्या बाकावरची एक पोरगी फोनवर कुणाला तरी उशीर होईल म्हणून सांगत होती. तिने आधी अर्धा श्वास घेतला. मी कानात बोटं घालायचीच बाकी ठेवली. अलीकडे हे फार झालंय. औषधाच्या दुकानातली मुलगी, बँकेतली, लिफ्टमध्ये भेटणारी वकिलीण, सगळ्यांच्या वाक्यांआधी मला माझा श्वास ऐकू येतो. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, जगातल्या सगळ्या बायकांना श्वास घ्यायला तू शिकवलंस काय गं? त्यांचं बरोबर असेल. मी तरी कुठून शिकले होते? शाळेत मला भोंगा म्हणायचे. जाड, रुंद, चार गल्ल्यांपलीकडे पोचेल असा माझा आवाज. मैदानावर मी हाक मारली की दुसऱ्या शाळेची पोरं वळून बघायची. मला त्याचा केवढा अभिमान होता! मग एका दुपारी आत्या आली. तिने माझं बोलणं ऐकलं आणि आईला म्हणाली, “वहिनी, हिचं लग्न फोनवरून ठरवू नका हो.” सगळे हसले. आईसुद्धा हसली. मीसुद्धा हसले, मोठ्यांदा, भोंग्यासारखं, आणि ते हसू माझ्याच कानांवर आदळलं. त्या दिवसापासून संध्याकाळी टीव्ही लागला की मी नायिकेचा एकेक संवाद उशीत तोंड खुपसून म्हणायला लागले. उशीतून आवाज गाळून निघायचा. बारीक, मऊ, ओला. दोन वर्षांत इतका जमला की बाहेरही तसाच यायला लागला. पहिल्यांदा एक मुलगा म्हणाला, किती छान बोलतेस तू, तेव्हा मला वाटलं होतं मी परीक्षा पास झाले. कसली परीक्षा, ती कुणी घेतली होती, हे विचारायचं सुचलं नाही.

बस सिग्नलला थांबली तेव्हा आठवलं. सोमवारी संध्याकाळी ती म्हणाली होती, आई, पोटात दुखतंय. आधी अर्धा श्वास, मग ते वाक्य, आणि त्यावर एक हसू. मी फोनवर होते. म्हणाले, पाळी येणार असेल, शेकून घे. काल सकाळी पुन्हा तेच. मी म्हणाले, बायकांचं असंच असतं राणी, सवय होते, आणि वर सल्ला दिला, हसत राहिलं ना की कमी दुखतं. हा सल्ला माझा नव्हे. ‘त्या दिवसांतही हसरी!’ ही जाहिरात मी केलेली आहे. पांढऱ्या कपड्यांतली मुलगी उड्या मारत पायऱ्या चढते आणि माझ्या आवाजात खिदळते. लेकीला मी जाहिरातीतलं वाक्य औषधासारखं पाजलं होतं. पण त्यात काय एवढं, मी स्वतःला म्हटलं. दुखत असतं तर हसली असती का? सिग्नल सुटला. मी फोन काढला, घरी लावावा की नाही असा विचार केला, ती शाळेत पोचली असेल म्हणून परत ठेवून दिला.

टायरच्या दुकानावर आमचा स्टुडिओ. आत आवाज कोंडायला भिंतींना जाड कापड ठोकलंय, त्याला जुन्या डिंकाचा वास येतो. दारावरचा लाल दिवा लागला की फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा, बंद करून. आज नायिकेला जावेने विष घातलं होतं. पडद्यावर ती पोट धरून गुडघ्यांवर बसते, केसांच्या नेमक्या दोनच बटा कपाळावर येतात, ओठ उघडतात. मी ओठांवर नजर ठेवून तीन नंबर दिला. मास्तर म्हणाले, छान, पण शिळा आहे. पुन्हा दिला. पुन्हा शिळा. सात वेळा केलं, आठ वेळा केलं. “ताई, आज लक्ष कुठंय? हेच मागच्या महिन्यात बाळंतपणात वापरलंय आपण. जरा ताजं काढा काहीतरी.” घसा सोलवटला होता. नवव्या वेळेला मला सकाळचं आठवलं. ते दाबून धरलेलं कण्हणं, मधला श्वास, ती किंकाळी. मी म्हटलं, काय हरकत आहे, घरचाच माल. आणि मी तो जसाच्या तसा काढला. कण्हणं आलं. किंकाळी आली. पहिला हुंदका आला. दुसरा लांबवायला गेले तर लांबेना. पाऊण सेकंद जास्त म्हणजे काही फार नाही, पण घशातून तो निघेचना. तो तसा निघावा म्हणून मला वाकावं लागलं, उजवी कूस मुठीत आवळावी लागली, गुडघे पोटाशी घ्यावेसे वाटले, तेव्हा कुठे तो त्या लांबीचा आला. काचेपलीकडे मास्तरांनी दोन्ही अंगठे वर केले. “व्वा! हे कुठून आणलंत ताई?”

मी तशीच वाकून उभी होते. माझी मूठ माझ्या उजव्या कुशीत होती. सकाळी माझी लेक बंद दाराआड हेच करत होती आणि मी बाहेरून सांगितलं होतं, शेपूट कमी कर.

मी हेडफोन काढून फेकलेच. मास्तर काहीतरी म्हणत होते, मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले. बाहेर टेबलावरचा फोन सुरू केला तर शाळेतून पाच वेळा फोन येऊन गेल्याचे मेसेज होते. मी उलट फोन लावला. वर्गशिक्षिकेचा आवाज शांत होता. “घाबरू नका, ती ऑफिसमध्ये झोपलीय. ताप आहे थोडा. उठून चालता येत नाहीये, पण विचारलं तर म्हणते काही नाही. फार समजूतदार मुलगी हो तुमची. सकाळपासून बाकावर डोकं ठेवून होती, पण एकदाही कुरकुर नाही की रडणं नाही.” बाईंनी ते कौतुकाने सांगितलं. मला ते ऐकवेना. सकाळी सात गुण घेऊन गेलेली माझी मुलगी आणखी एकदा गुण मिळतील या भीतीने दिवसभर गप्प बसली होती, हे मी त्यांना कसं सांगणार?

रिक्षा, शाळा, पुन्हा रिक्षा. ती माझ्या मांडीवर आडवी, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि प्रत्येक खड्ड्याला तिचा हात माझ्या मनगटावर आवळायचा. तोंडातून हूं की चूं नाही. मी म्हणत होते, ओरड गं, दुखत असेल तर ओरड. ती मान हलवून नाही म्हणायची आणि हसायची. त्या हसण्याची मला इतकी भीती वाटली की मी तिच्या ओठांवर हात ठेवला. हॉस्पिटलच्या काउंटरपाशी रांग होती. तिला बाकड्यावर निजवून मी रांग मोडून पुढे घुसले आणि म्हणाले, “प्लीज, माझ्या मुलीला वाचवा!” शब्द बाहेर पडले आणि मला कळलं, हे वाक्य मी किमान चाळीस वेळा म्हटलेलं आहे. अर्ध्या श्वासासकट, ‘मुलीला’वरच्या कापऱ्यासकट, अगदी जसंच्या तसं आलं. काउंटरवरच्या बाईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आणि मग आनंद पसरत गेला. “अय्या! तुमचा आवाज! तुम्ही त्या मालिकेतल्या... अहो, माझ्या सासूबाई तुमच्याशिवाय जेवत नाहीत!” रांगेतली दोन माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, शूटिंग चाललंय का काय. मी पुन्हा म्हणाले, खरंच हो, खरंच तिला बघा, आणि तेही तसंच आलं, गोड, ओलं, तोंड वाकडं न होता. मी घशाच्या तळाशी जाऊन तो जुना जाड आवाज शोधला. मैदानावरचा. चार गल्ल्यांपलीकडे जाणारा. तो तिथे नव्हता. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. इतकी वर्षं मी त्याला उशीत दाबून धरलं होतं, आता गरजेला हाक मारली तर तो कशाला येतोय? शेवटी मी काउंटरच्या फळीवर थापा मारायला लागले. दोन्ही हातांनी, धडाधड. त्या आवाजाने मात्र आतून डॉक्टर बाहेर आली.

तरुण डॉक्टर, केस घट्ट बांधलेले, कपाळावर आठी. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मुलीला टेबलावर झोपवलं आणि विचारलं, “किती दुखतंय बाळा?” मुलीने अर्धा श्वास घेतला. “थोडंसंच.” आणि हसली. डॉक्टर माझ्याकडे वळली, तिच्या नजरेत स्पष्ट होतं की एवढ्यासाठी हा तमाशा? मी म्हणाले, “तिचं ऐकू नका. ती खोटं बोलतेय.” माझी स्वतःची पोर, आणि मी अनोळखी बाईला सांगतेय की ती खोटारडी आहे! डॉक्टरने तिच्या पोटावर हात ठेवला, उजव्या बाजूला हळू दाबला आणि एकदम उचलला. मुलगी ओरडली नाही. तिचा पाय आपोआप वर आला, डोळे फिरले, ओठ पांढरे पडले. डॉक्टरची आठी गेली. “कधीपासून आहे हे?” “सोमवारपासून,” मुलगी म्हणाली. “मग सांगितलं का नाहीस कुणाला?” मुलगी छताकडे बघत होती. “सांगितलं होतं,” ती म्हणाली. माझ्याकडे तिने मुद्दाम बघितलं नाही. मला वाचवायलाच तिने नजर टाळली, हे मला तेव्हाच समजलं, आणि त्यापेक्षा तिने माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मला सोसलं असतं. सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स फुटलेलं होतं. तासाभरात तिला आत नेलं.

बाहेर बाकडी होती, समोरच्या भिंतीवर टीव्ही, आवाज बंद केलेला. तिचे बाबा परगावी होते, त्यांना फोन लावला. सगळं सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला, कारण मधेच ते म्हणाले, “अगं, थांब जरा. रिहर्सल करतेयस का खरं सांगतेयस?” मी फोन बंद केला. पुन्हा वाजला, घेतला नाही. नंतर मेसेजवर लिहून पाठवलं, लिहिलेल्यावर त्यांनी विश्वास ठेवला. टीव्हीवर माझीच मालिका लागली होती. मुकी नायिका ओठ हलवत होती आणि तिचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता. दोन बाया रंगून बघत होत्या. नायिका दारामागे उभी राहून अश्रू गाळत होती, दार ढकलत नव्हती. गेली अठरा वर्षं ती दारामागेच उभी आहे. एकीने दुसरीला म्हटलं, “बिचारी बघ, इतकं सोसते पण तोंडातून ब्र नाही काढत.” दुसरी म्हणाली, “म्हणून तर आवडते ना.” मी त्या बंद दाराकडे बघत बसले, त्याच्या पलीकडे माझ्या मुलीचं पोट उघडलेलं होतं. मला संताप आला. त्या बायांचा, मास्तरांचा, आत्याचा, आणि मग फिरून फिरून तो माझ्याच अंगावर यायला लागला, कारण बाकी सगळे तर दूरचे होते. तिच्या दाराबाहेर पिना खोचत मी उभी होते. तिला काही झालं तर? हा प्रश्न मनात आला की माझा घसा रडण्याची तयारी करायचा, श्वास आपोआप अर्धा व्हायचा, आणि मी ओठ आवळून धरायचे. मला भीती होती की मी रडले तर ते चांगलं येईल.

पावणेदोन तासांनी सर्जन बाहेर आले. मास्क खाली ओढत म्हणाले, “पू पसरला होता, साफ केलाय. वाचली पोरगी. पण ताई, इतका वेळ घरी का ठेवलीत? अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. ओरडली नाही का ती?” मी म्हणाले, ओरडली होती. ते पुढे काही विचारतील म्हणून मी थांबले, पण त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला नीट जाग आली. खिडकीतून ऊन तिच्या चादरीवर आलं होतं, हातात सलाईनची सुई, ओठ सुकलेले. मी कापसाने ओठांवर पाणी फिरवलं. तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “आई, काल सकाळी मी ओरडले ते तुला ऐकू आलं होतं ना?”

“आलं होतं.”

“मग?”

काहीही सांगता आलं असतं. घाईत होते, नळाचा आवाज होता. ती लगेच मान्य करणार, हे मला दिसत होतं, इतकी समजूतदार तिला आम्ही सगळ्यांनी मिळून केलेली आहे. मी म्हणाले, “मला खोटं वाटलं.”

ती रागावेल, तोंड फिरवेल, निदान रडेल असं मला वाटलं. ती विचारात पडली. गणित सोडवताना पडते तशी, कपाळाला बारीक आठी घालून.

“मग कसं ओरडायचं?” तिने विचारलं. “म्हणजे पुढच्या वेळी. खरंच दुखत असेल तेव्हा.”

टोमणा नव्हता त्यात. तिला खरोखरच माहिती हवी होती, आणि या घरात त्यातली जाणकार मीच होते. मी सांगायला तोंड उघडलं. एक एक करून माझी सगळी रडणी घशाशी आली, एकही तिच्या हातात देण्यासारखं नव्हतं. “मला नाही माहीत गं,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि मला काही आठवतंय का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.